माळवद्यांच्या गिरणीपुढचा उंचवटा

“काका, तुमच्या पायांबद्दल जरा बोलायचं होतं.”

सकाळी नऊ वाजता एक अनोळखी मुलगी दारात उभी राहून असं म्हणाली, तर सदुसष्ट वर्षांच्या माणसाने काय समजावं? आप्पा खटावकरांना वाटलं, गुडघेदुखीचं तेल विकायला आली असावी. “माझे पाय ठणठणीत आहेत,” असं म्हणून ते दार लावणार, तेवढ्यात तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. मृण्मयी घोरपडे, सहायक अभियंता, पदपथ विभाग, शिरसपूर नगरपरिषद.

“ठणठणीत आहेत म्हणूनच आले,” ती म्हणाली. “अख्ख्या शिरसपुरात तुमच्याइतकं नेमाने कोणी चालत नाही. आमच्या यंत्रणेत तुम्ही पहिल्या क्रमांकाचे पादचारी आहात.”

आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं जमिनी मोजून मोजून त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं झालं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते रोज चार वेळा पाणवठा रस्त्याने जाऊन येत. सकाळी फिरायला, मग भाजीला, दुपारी वाचनालयात, संध्याकाळी मारुतीला. पण या पायांचं कोणी कधी कौतुक केलं नव्हतं. घरातून तर नाहीच. त्यांनी मुलीला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि आतल्या दिशेने चहाची ऑर्डर सोडली.

आता ही यंत्रणा काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. २०३९ साली शिरसपूरच्या फुटपाथवरच्या जुन्या फरशा उखडून नव्या बसवल्या. दिसायला साध्या, तळहाताएवढ्या. प्रत्येकीच्या पोटात स्फटिकाचा एक पातळ थर होता. स्फटिकावर दाब पडला की त्यातून किंचितशी वीज निघते. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते, तेच तत्त्व. पाऊल पडलं की फरशीला कळायचं, वजन किती, टेकलं किती वेळ, निघालं कुठल्या बाजूला. माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते, त्यामुळे नावगाव न विचारताही यंत्रणा माणूस ओळखायची. स्फटिकाखाली जेलचा एक बुटका खांब होता. वीज सोडली की तो फुगायचा किंवा आक्रसायचा आणि फरशी वर-खाली व्हायची. तीही दिवसाला फार तर पाच मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी. त्यामुळे पायाखालचा रस्ता हलतोय हे कोणाला जाणवायचंच नाही.

कल्पना मोठी सुरेख होती. आजवर अभियंते कागदावर रस्ता आखत आणि लोकांनी त्यावरून चालावं अशी आशा करत. लोक कधीच तसे चालले नाहीत. तेव्हा आता लोकांनी हवं तसं चालावं आणि रस्त्याने मुकाट्याने त्यांच्यासारखं व्हावं. जिथून पावलं जातील तिथली वाट सपाट आणि रुंद होईल, जी जागा लोक टाळतील तिथे फरशा वर येऊन तिला कड घालतील, आणि जिथे माणसं वरचेवर थांबतील तिथे बसायला कट्टा तयार होईल.

यंत्रणेचं शिक्षण मात्र उत्तरेकडच्या एका थंड देशात झालं होतं. तिथे माणसं घरातून निघतात आणि सरळ कामावर पोचतात. शिरसपुरात आल्यावर बिचारीला सहा महिने काही उमजेना. मारुतीसमोर लोक न थांबता चपलेतून पाय काढत, छातीला हात लावत आणि पुढच्या पावलाला पुन्हा चप्पल चढवत. यंत्रणेने कळवलं की या ठिकाणी रोज सातशे माणसं दोन सेकंदांपुरती लंगडी होतात, तरी वैद्यकीय पथक पाठवावं. मांजर आडवं गेलं की अकरा जण थांबून बाराव्याची वाट बघत. यंत्रणेला वाटलं, इथे आपल्याला न दिसणारा सिग्नल आहे. झेब्रा क्रॉसिंग चौकात होतं, पण लोक भज्यांच्या गाडीसमोरूनच हात वर करून रस्ता ओलांडत. वर्षभरात गाडीपाशी फुटपाथला उतार तयार झाला, मग नगरपरिषदेने पांढरे पट्टेही तिथेच आणून काढले आणि पहिल्यांदाच लोक झेब्रावरून चालू लागले. “येते हं” असं म्हणून बायका फाटकात पाऊण तास उभ्या राहत, तर फाटकाफाटकाशी कट्टे उगवले. गावाने रस्त्याला नावं ठेवायचं सोडून दिलं, कारण तो आता अगदी गावासारखाच झाला होता.

फक्त एक गोष्ट झाली. तीन नगरसेवकांनी आपापल्या घरापुढचा फुटपाथ शेजाऱ्यापेक्षा उंच करून मागितला. त्यावरून सभेत माइक फेकले गेले आणि शेवटी एकमताने ठराव झाला की यापुढे रस्त्याच्या आकाराला माणसाने हात लावायचा नाही. जे करायचं ते पायांनी.

मृण्मयीने टेबलावर नकाशा उघडला. त्यात एक जाड लाल रेघ होती.

“या तुमच्या पावलांच्या खुणा. इथपर्यंत नाकासमोर. मग इथे, भज्यांच्या गाडीपासून चौदाव्या पावलाला, पिंपळापाशी, तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाता. बत्तीस पावलं पलीकडून चालता आणि परत अलीकडे येता. रोज आठ वेळा. चार वर्षं. इथे काय आहे, काका?”

“काही नाही.”

“खड्डा होता का? कुत्रं अंगावर येतं? गटाराचा वास?”

“काही नाही म्हणून सांगितलं ना.”

“तिथे माळवदे आहे,” स्वयंपाकघरातून बायकोचा, शैलाताईंचा आवाज आला.

आप्पांनी चहाचा कप उचलला आणि त्यात तोंड लपवलं.

भालचंद्र माळवदे, पिठाची गिरणी. आप्पांचा बालवाडीपासूनचा मित्र, आणि गेली अकरा वर्षं अबोला. कारण विचाराल तर आप्पा अगदी थोडक्यात सांगत, “त्याने मला टोकलं.” ऋतुजासाठी, म्हणजे आप्पांच्या मुलीसाठी, साताऱ्याचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. आप्पा नवा सदरा घालून, नारळ घेऊन बोलणी पक्की करायला निघाले. गिरणीच्या दारातून भालूने शाळेतल्या नावाने हाक मारली, “काय रघ्या, एवढा नटून कुठं निघालास?” आता शिरसपुरात शुभकामाला निघालेल्या माणसाला कोणी ‘कुठं’ म्हणून विचारत नाही. शाळेतली मुलंसुद्धा विचारत नाहीत. आप्पा स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत, तरीही माघारी आले, पाणी प्यायले, पाच मिनिटं बसले आणि पुन्हा निघाले. उपयोग झाला नाही. साताऱ्याच्या लोकांनी चहासुद्धा धड विचारला नाही आणि नकार दिला. त्या दिवसापासून आप्पांनी गिरणीची बाजू सोडली.

“आता अडचण सांगते,” मृण्मयी म्हणाली. “दारूडे, वराती, मोकाट जनावरं यांच्या पावलांनी रस्ता बिघडू नये म्हणून नेमाने चालणाऱ्याच्या पावलाला जास्त वजन दिलंय. तुमचं एक पाऊल साठ माणसांच्या बरोबरीचं धरलं जातं. तुम्ही चार वर्षं गिरणी टाळली. यंत्रणेला वाटलं, तिथे काहीतरी भयंकर आहे. तिने तुमच्या वळणाची वाट सपाट केली, मग बाकीचेही तिकडूनच जायला लागले. आणि गिरणीच्या दारापुढे तिने सगळ्यांच्या रक्षणासाठी उंचवटा उभा केला. चांगला वीतभर.”

“हो, दिसतो पलीकडून.”

“डबा कमरेवर घेऊन बायकांना तो चढवत नाही. पिशवीतलं पीठ ड्रोनने दारात येतंच. माळवदेकाकांनी चक्की विकली, काका. पुढच्या महिन्याच्या अखेरीला टेम्पो येणार, आणि ते नागपूरला मुलाकडे जाणार कायमचे. तक्रारसुद्धा त्यांनी केलेली नाही, शेजारच्या बाईंनी केली. मी त्यांना भेटले तर म्हणाले, कोणाच्या पायांना आपण कसं अडवायचं.”

आप्पांनी कप खाली ठेवला.

“ठरावामुळे मला हात लावता येत नाही. तुम्ही सरळ चालायला लागलात तर उंचवटा उतरेल. चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतील. आणि रोज पाच-दहा मिनिटं दारात थांबलात तर नक्कीच. थांबण्याला सगळ्यात जास्त गुण आहेत.”

“माझे पाय, माझी वाट,” आप्पा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मनाशी ठरवलं. भालूशी बोलायचं नाही, पण एका माणसाचा धंदा आपल्या पायांनी बुडावा हेही बरं नाही. सरळ जायचं, एवढंच. पिंपळापाशी आले, चौदावं पाऊल आलं, आणि पाय आपोआप पलीकडे वळले. आप्पांनी परत मागे जाऊन सुरुवात केली. परत तेच. भज्यांच्या गाडीवरची माणसं बघायला लागली तेव्हा ते काहीतरी हरवल्यासारखं जमिनीवर शोधत घरी आले.

मग त्यांनी युक्ती काढली. गुरुवारी गिरणी बंद असते. गुरुवारी ते ऐटीत उंचवटा चढले, कुलपासमोर दहा मिनिटं उभे राहिले आणि उतरले. शुक्रवारी पुन्हा पलीकडून. शनिवारी मृण्मयीचा फोन आला. यंत्रणेचा असा समज झाला होता की ही जागा फक्त गुरुवारी सुरक्षित असते.

रविवारी आप्पांनी लख्ख उन्हात छत्री उघडली आणि ती गिरणीच्या बाजूला आडवी धरून निघाले. एका हातात छत्री, नजर जमिनीवर आणि मनात धाकधूक, त्यामुळे चालताना पाय अडखळत होते. या खेपेला यंत्रणेने त्यांना ओळखलंच नाही. तिच्या नोंदीनुसार शिरसपुरात कमरेला दुखापत झालेला एक नवीन इसम आला होता.

यात आठवडा गेला. सोमवारी जेवताना आप्पा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “हे काय? वातड झालीय.”

“पिशवीतलं पीठ आहे,” शैलाताई म्हणाल्या. “आता असंच मिळणार.”

“मग इतके दिवस कुठलं होतं?”

“भालूभावजींच्या गिरणीतलं. गेली अकरा वर्षं.”

आप्पांचा घास तोंडातच राहिला. अकरा वर्षं ज्या माणसाच्या दारावरून ते गेले नव्हते, त्याच्या हातचं पीठ दोन वेळा पोटात जात होतं.

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही खाताना विचारलंत कधी? मिटक्या मारत होतात. आता गुडघ्यांनी मला तो उंचवटा चढवत नाही, म्हणून पिशवी आणली. तुमच्या पायांचं बक्षीस म्हणायचं.” शैलाताईंनी ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, “आणि आता निघालंच आहे तर ऐका. साताऱ्याचं ते स्थळ भावजींच्या टोकण्याने मोडलं नाही. ऋतुजाने आदल्या दिवशीच त्या मुलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं होतं. तिला पुढे शिकायचं होतं. मला तिने नंतर महिन्याने सांगितलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला कळलं तोवर तुम्ही भालूभावजींच्या नावाने खडे फोडून मोकळे झाला होतात. मी म्हटलं, बरं झालं, पोरीवर आलं नाही. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलं. तुम्ही इतकं लांबवाल असं वाटलं नव्हतं.”

आप्पा त्या दुपारी वाचनालयात गेले नाहीत. पलंगावर पडून छताकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं इंचाइंचाने मोजून मिटवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मित्राच्या दारात एक बांध घातला होता, तोही चुकीच्या मोजणीवर.

मंगळवारी सकाळी ते निघाले. चौदाव्या पावलाला पाय पलीकडे वळू लागले, तेव्हा त्यांनी पिंपळाला धरलं, क्षणभर थांबले आणि सरळ उंचवट्यावर चढले. गिरणी चालू होती. भालू पाठमोरा उभा राहून चक्कीत ज्वारी ओतत होता. केस पांढरे झाले होते की नुसतं पीठ होतं, ते कळत नव्हतं.

तो वळला आणि बघत राहिला.

चक्कीच्या घरघरीत आप्पांना धीर आला. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस काहीही बोलू शकतो. “मी गाढव आहे,” ते म्हणाले. “ऋतुजाचं मला काल कळलं. उगाच तुझं नाव घेतलं. अकरा वर्षं तुझ्या दारावरून गेलो नाही आणि तुझंच पीठ...” एवढ्यात भालूने बटण दाबलं आणि चक्की थांबली. आप्पा मात्र त्याच आवाजात पुढे बोलून गेले, “खात होतो! माझं चुकलं!” पलीकडच्या फुटपाथवरून चाललेल्या तीन बायका जागच्या जागी थांबल्या.

“ओरडू नको,” भालू म्हणाला. “आत ये. ऋतुजाचं मला तेव्हाच माहीत होतं.”

“तुला?”

“फोन तिनं इथं बसूनच केला ना. घरात बोलता येईना, आणि चक्की चालू असली की कुणाला काही ऐकू जात नाही. मुलाला समजावलं, मग रडली, मग मला शपथ घातली की बाबांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर तू नवा सदरा घालून निघालास. तिथं जाऊन तुझा पाणउतारा होणार हे मला दिसत होतं. सांगता तर येईना. म्हटलं, टोकावं. टोकलं की हा माघारी फिरतो, लहानपणापासून माहीत आहे.” त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. “फिरलासही. पण पाणी पिऊन परत निघालास. एवढा विज्ञाननिष्ठ असशील असं वाटलं नव्हतं मला.”

आप्पांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पीठ डोळ्यांत गेल्याचं त्यांनी सांगितलं. भालूने ते मान्य केलं.

त्या दिवसापासून आप्पा रोज गिरणीवर थांबू लागले. दहा मिनिटं म्हणून जायचे आणि दीड तासाने निघायचे. अकरा वर्षांचं बोलणं साठलं होतं. कोण मेलं, कोणाची बदली झाली, कोणाचा नातू कसा नालायक निघाला, सगळं पहिल्यापासून सांगावं लागत होतं. पहिल्या क्रमांकाचा पादचारी जागेवरून हलत नाही म्हटल्यावर यंत्रणेने आपलं मत झपाट्याने बदललं. उंचवटा रोज एका दाण्याने उतरला. महिन्याभरात बायका डबे घेऊन येऊ लागल्या, आणि पुढच्या आठवड्याभरात दारात रांग लागली. शैलाताईंच्या भाकऱ्या पुन्हा मऊ झाल्या.

पण चक्की विकलेली होती. घेणाऱ्याला शब्द दिलेला होता, मुलाने नागपूरला खोली रंगवून ठेवली होती. त्याबद्दल दोघंही बोलत नसत. आप्पा मात्र रोज उतरत जाणारी जमीन टेपने मोजायचे आणि टेप गुपचूप खिशात टाकायचे. आपण इथे येतो म्हणून वाट मोकळी होते, आणि वाट मोकळी झाली की त्याच वाटेने टेम्पो हा माणूस घेऊन जाणार. न यावं तर गिरणी मरते. मोजणी खात्यात असं त्रांगडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

महिनाअखेरीला टेम्पो आला. फुटपाथ तळहातासारखा सपाट होता. टेम्पोवाल्याने दोन माणसांसह चक्कीच्या चौकटीखाली पाइप सारले आणि ती दारापर्यंत ढकलत आणली. तिथे ती अडकली.

दारापुढे, उजव्या अंगाला, एक कट्टा वर आला होता. गुडघ्याएवढा, दोन माणसं बसतील एवढा. आप्पा रोज जिथे टेकून उभे राहत तिथेच. बाकीचा उंचवटा उतरत होता तेव्हा तेवढा कोपरा रोज एका दाण्याने चढत गेला होता. तो केव्हा एवढा झाला ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण डबे टेकवायला तो सगळ्यांना सोयीचा पडत होता.

“मोजा,” टेम्पोवाला म्हणाला.

आप्पांनी खिशातून टेप काढला. आयुष्यात त्यांनी कधी खोटं माप सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही. “वाट अडीच फूट. चौकट तीन फूट. अर्धा फूट कमी पडतो.”

“कट्टा फोडू.”

“फोडता येत नाही,” मृण्मयी म्हणाली. आप्पांनी तिला सकाळीच फोन करून बोलावलं होतं, उगाचच, सोबतीला. “ठराव आहे. माणसाने हात लावायचा नाही.”

“मग हा खाली जायचा कधी?”

“इथे बसायचं-थांबायचं बंद झालं की. तीनेक महिने कोणी टेकलं नाही, तर जाईल आपोआप.”

टेम्पोवाल्याने सहा क्विंटलच्या चक्कीकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं. चौकटीचे चार बोल्ट काढले की चक्की दोन भागांत उकलते, हे त्याला माहीत नव्हतं. भालूला माहीत होतं. आप्पांनाही माहीत होतं, कारण तीस वर्षांपूर्वी ती आणली तेव्हा दोघांनी मिळूनच ते बोल्ट आवळले होते. आप्पांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि भालूकडे पाहिलं. सांगायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.

भालू बराच वेळ बोल्टांकडे बघत होता. मग तो टेम्पोवाल्याला म्हणाला, “मालकांना सांगा, तीन महिन्यांनी या.”

टेम्पोच्या माणसांनी चक्की परत जागेवर ढकलली आणि टेम्पो निघून गेला. मृण्मयीही गेली. तिने जाताना एकदा मागे वळून चौकटीकडे निरखून पाहिलं, पण ती पदपथ विभागात होती, चक्की तिच्या विभागात येत नव्हती.

“तर आता,” भालू म्हणाला, “उद्यापासून तू इथं यायचं नाहीस. तीन महिने.”

“नाही येणार,” आप्पा म्हणाले आणि कट्ट्यावर बसले.

भालूने हातांचं पीठ झटकलं आणि बाहेर आला.

“सरक जरा,” तो म्हणाला.